दिसण्याचा गुन्हा

दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे आपल्याकडे कोळ्यांच्या संहाराचा आठवडा. लांब काठीला केरसुणी बांधली जाते, डोक्याला फडके गुंडाळून घरातले कोणीतरी स्टुलावर चढते, आणि वर्षभर तुळयांच्या बेचक्यात, तसबिरींच्या मागे, फडताळाच्या कोपऱ्यात निमूट संसार केलेल्या जीवांची घरे एका फटक्यासरशी खाली येतात. त्यात कोणाला वावगे वाटत नाही. वाटावे असे माझेही म्हणणे नाही. लक्ष्मीपूजनाला आढ्यावरून कोळिष्टके लोंबत असलेली कोणत्या घराला चालतील? पण या झाडलोटीत एक गोष्ट माझ्या नेहमी लक्षात येते. पाल दिसली तर आपण हातातले फडके झटकून तिला पिटाळतो. मुंग्यांची रांग दिसली तर हळदीची रेघ ओढतो. आणि त्याच घरातली आजी संध्याकाळी वारुळापाशी साखरेची चिमूट ठेवून येते. चिमणीने तसबिरीमागे घरटे केले असेल तर तेवढी तसबीर पुसायची राहू देतो. मोठा कोळी दिसला की मात्र पिटाळण्याचा विचार मनात येत नाही. हात आपोआप चपलेकडे जातो.

हा हात चपलेकडे का जातो, आणि तो गेल्यावर मनाला टोचणी का लागत नाही, एवढेच मला या लेखात विचारावयाचे आहे. प्रश्न लहान दिसतो. पण शाळेत मुले सांभाळताना आणि घरी कादंबरीतली माणसे सांभाळताना तो मला वारंवार आडवा आला आहे. आणि विचारायचाच तर घरातल्या किरकोळ कोळ्यापाशी कशाला थांबायचे? त्या घराण्यात जी सर्वांत बदनाम, तिलाच समोर बोलवावे. टॅरांटुला तिचे नाव.

तिच्यावरचा अन्याय या नावापासूनच सुरू होतो. इटलीच्या दक्षिणेला तारांतो नावाचे बंदर आहे. त्या मुलखातल्या शेतांतून जमिनीवर धावून शिकार करणारा एक मध्यम आकाराचा कोळी असतो. उन्हाळ्यात, कापणीच्या दिवसांत, राबणाऱ्या बायकांना तो चावतो आणि मग त्यांना एक विलक्षण रोग जडतो, अशी तिकडे कित्येक शतके समजूत होती. बाई मलूल होई, रडे, जमिनीवर लोळे. आणि उपाय एकच, तो म्हणजे वाजंत्री बोलावून तिला नाचवायचे. दिवसचे दिवस ती नाचे, आणि थकून शांत झाली की विष उतरले असे मानीत. 'तारांतेल्ला' हे तिकडचे प्रसिद्ध नृत्य याच प्रथेशी नाते सांगते. १९५९ साली एर्नेस्तो दे मार्तिनो नावाचा एक विद्वान मानसशास्त्राचे आणि संगीताचे जाणकार बरोबर घेऊन त्या भागात गेला. त्याने या बायकांची हकीगत नीट ऐकून घेतली. त्यांचा 'दंश' दर वर्षी जूनमध्ये, संत पॉलच्या सणाच्या सुमारास, पुन्हा उसळून येत असे. कोळी काही पंचांग पाहून चावत नसतो. दुखणे दुसरेच होते: मनाविरुद्ध झालेले लग्न, न झालेले लग्न, घरातला मृत्यू, दारिद्र्य. ते बोलून दाखविण्याची सोय नव्हती. कोळ्याचे नाव घेण्याची होती. आपल्याकडे अंगात येणाऱ्या बायका ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत त्यांना यातले काहीच परके वाटणार नाही. आणि जिथे खरोखरीचा दंश होता तिथेही शास्त्रज्ञांचा संशय एका वेगळ्याच, लहान काळ्या कोळ्यावर आहे. तारांतोच्या कोळ्याचे विष माणसाला फारसे बाधत नाही.

पुढे युरोपातली माणसे अमेरिकेत गेली, तिथे त्यांनी ताटलीएवढे केसाळ कोळी पाहिले, आणि भीतीने जे नाव ओठावर आले ते त्यांना देऊन टाकले. म्हणजे एकावरचा खोटा आळ सातासमुद्रापलीकडच्या दुसऱ्यावर गेला, तोही नुसत्या दिसण्यावरून. आज शास्त्रज्ञ ज्यांना टॅरांटुला म्हणतात त्या कुळात हजाराहून अधिक जाती आहेत आणि त्या जगाच्या सगळ्या उष्ण प्रदेशांत पसरलेल्या आहेत. आपला सह्याद्रीही त्यांना पारखा नाही. झाडांच्या ढोलीत राहणारी, राखी-पांढऱ्या नक्षीची एक मोठी जात पश्चिम घाटात आहे. पाय पसरले तर ती तळहातात मावत नाही. मुंबईच्या आरे वसाहतीत सापडलेल्या एका लहान जातीला तर २०१४ साली आरेचेच नाव देण्यात आले. इतक्या जवळची ही शेजारीण आहे, आणि आपण तिला ओळखतो ते परदेशी सिनेमातल्या राक्षसिणीवरून.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या शाळेच्या मागच्या जुन्या आंब्याची एक फांदी मोडून पडली. तिच्या ढोलीतून अशीच एक कोळीण बाहेर आली. मी वर्गातून पोहोचेपर्यंत सातवीच्या मुलांनी काठीने तिचा निकाल लावला होता. पाय पोटाशी घेऊन ती मुठीसारखी मिटून पडली होती, आणि भोवती पराक्रमाची वर्णने चालली होती. "बाई, एवढी मोठी होती! पुढचे पाय वर करून अंगावर आली!" मागे उभ्या असलेल्या एका मुलीने हळूच विचारले, "पण तिने काय केलं होतं?" त्यावर काठीवाला मुलगा मोठ्या समजूतदारपणे म्हणाला, "काही करायच्या आधीच मारली ना!"

या उत्तरावर मी रागावले नाही, कारण मुलगा खोटे बोलत नव्हता. जगाचा पुष्कळसा कारभार ज्या तत्त्वावर चालतो ते त्याने एका वाक्यात सांगितले होते. मी मुलांना खाली बसविले आणि म्हटले, आता मेलीच आहे तर निदान कोण मेली ते पाहू.

आधी त्या मिटलेल्या पायांचेच घ्या. कोळ्याला पाय आत ओढण्यासाठी स्नायू असतात. पण पायांचे मुख्य सांधे सरळ करण्यासाठी नसतात. ते काम तो अंगातल्या रक्ताच्या दाबाने करतो, जसा पाण्याच्या जोराने रबरी नळीचा पीळ सुटतो तसा. प्राण गेला की दाब गेला, आणि पाय आपोआप पोटाशी येतात. हे रक्तही आपल्यासारखे लाल नसते. त्यात लोहाऐवजी तांबे असलेले द्रव्य असते, म्हणून हवा मिळाली की ते निळसर दिसते. डोके चिमटीत मावेल एवढे, त्यावर एका उंचवट्यावर आठ डोळे. आणि आठही मिळून दृष्टी इतकी अधू, की समोर उभा असलेला माणूस तिला माणूस म्हणून दिसतच नाही. तिचे खरे डोळे म्हणजे तिचे केस. आपल्याला ज्यांची शिसारी येते त्याच केसांतून तिला जमिनीचा कंप, हवेची झुळूक, किड्याच्या पावलांची चाहूल कळते. पाच-पंचवीस मुले काठ्या आपटीत, ओरडत भोवती उभी राहिली तेव्हा त्या आंधळीच्या अंगावर काय कोसळले असेल याची कल्पना करा. पुढचे पाय वर केले ते अंगावर येण्यासाठी नव्हे. त्या पायांच्या खालची पिवळी जर्द बाजू दाखवून ती 'मागे व्हा' म्हणत होती. पळायला वाट असती तर तिने तेवढेही केले नसते.

जाळे विणून भक्ष्याची वाट पाहत लटकणे हा तिचा व्यवसाय नव्हे. बिळाला किंवा ढोलीला ती आतून रेशमाचे अस्तर लावते आणि रात्री दाराशी बसून राहते. झुरळ, टोळ, क्वचित पाल किंवा बेडकाचे पिल्लू मिळाले तर धरते; न मिळाले तर महिनोन् महिने उपाशी काढते. वाढायचे म्हणजे कात टाकावी लागते. त्या वेळी अनेक जाती पाठीवर उताण्या पडून जुन्या अंगातून नवे अंग तासन् तास सोडवीत बसतात. तुटलेला पाय असल्या कातींतून पुन्हा उगवतो. नव्या अंगाची कोळीण काही दिवस इतकी मऊ असते की तिला आपले दातही वापरता येत नाहीत. काही जातींच्या माद्या वीस वर्षांहून अधिक जगतात. नराचे नशीब तोकडे. वयात आला की तो घर सोडतो, मादीच्या शोधात भटकतो, तिच्या दाराशी पायांनी ताल धरून आपण आल्याची वर्दी देतो, आणि बहुधा वर्षाच्या आतबाहेर संपतो. मादी अंड्यांची पुरचुंडी उराशी धरून राखत बसते. आमच्या ढोलीतल्या जातभाईंत तर पिल्ले बाहेर आल्यावरही काही काळ आईच्याच ढोलीत राहतात. हे सांगत असताना काठीवाल्या मुलाने मोडलेल्या फांदीकडे एकदा पाहिले. मी पुढे काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणाली, "बाई, तुम्ही सांगितलंत ते बरोबर असेल. पण माझ्या घरात रांगतं मूल आहे. भिंतीवर असलं काही दिसलं तर मी त्याचं चरित्र विचारत बसू का?"

मला वाटते, या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी या बाईला उत्तर दिले पाहिजे. शहरात बसून भूतदयेवर लिहिणे सोपे असते. तेव्हा खरे तेच सांगावे. टॅरांटुलाच्या दंशाने माणूस दगावल्याची वैद्यकशास्त्राने खातरजमा केलेली नोंद नाही. बऱ्याच जातींचा दंश गांधीलमाशीच्या तोलाचा असतो. पण आमच्या आंब्यावरच्या जातीचा दंश तेवढा सौम्य नाही; त्याने फार वेदना होतात आणि स्नायूंना पेटके येतात, ते कधी कधी कित्येक दिवस राहतात. अमेरिकेतल्या पुष्कळ जाती मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवतात, ते डोळ्यांत गेले तर फार त्रास होतो. म्हणजे त्या आईची भीती पोकळ नव्हती. ती तिथे मुलाला उचलून मागे सरली, कोळिणीवर डबा पालथा घातला, खालून पुठ्ठा सरकवला आणि तो डबा कुंपणापलीकडे रिकामा केला, तर तिने शंभर टक्के योग्य केले. तेवढा धीर झाला नाही आणि तिने चप्पल उचलली, तरी तिला पापी म्हणण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेणार नाही. भीतीला अंतर मागण्याचा हक्क आहे. पण आपण तेवढ्यावर थांबत नाही. आपण भीतीच्या जोडीला एक निकालपत्रही लिहून टाकतो: हा प्राणी दुष्ट आहे, घाणेरडा आहे, मेला ते बरे झाले. 'मला भीती वाटली' हे माझ्याविषयीचे वाक्य आहे. 'तो दुष्ट आहे' हे त्याच्याविषयीचे. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही. तरी पहिले म्हणता म्हणता आपण दुसरे केव्हा म्हणून गेलो ते आपल्याला कळत नाही.

आम्हा लिहिणाऱ्यांचाही यात हात आहे. खलनायक रंगवायचा तर त्याला एक कुबड, एक व्रण, एक बारीक डोळा देणे ही आमची जुनी सोय. वाचकाला ओळख पटवण्याचे कष्ट वाचतात. मंथरेच्या पाठीचे कुबड आपल्याला तिच्या बोलण्याआधी दिसते. पण त्याच परंपरेत अष्टावक्रही आहे. आठ ठिकाणी वाकलेला तो पोर जनकाच्या सभेत वाद करायला गेला, आणि ज्याने त्याच्या बापाला वादात हरवून पाण्यात बुडवले होते त्या बंदीला हरवून परत आला. ही कथा आपण मुलांना मोठ्या आवडीने सांगतो. सांगून झाली की वर्गात जातो, आणि कोणाचे पेन हरवले की सगळा वर्ग कोणाकडे वळून पाहतो ते पाहतो. तो मुलगा कोण असतो हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. त्याचे केस विंचरलेले नसतात, सदऱ्याला गुंडी नसते, कधी चेहऱ्यावर भाजल्याचा डाग असतो. पेन बहुतेक वेळा ज्याचे त्याच्याच दप्तरात निघते. पण तोवर त्या मुलाने वर्गाची नजर झेललेली असते, 'काही करायच्या आधीच'. कोणी म्हणेल, माणसाचे मूल आणि कोळी एका तराजूत कशाला घालता? मी घालत नाही. त्या दोघांवर निकाल देणारा डोळा मात्र एकच आहे, आणि मला त्या डोळ्याची काळजी वाटते.

तो डोळा जन्मतःच असा असतो की आपण तो घडवतो? माणसाला कोळ्याचे भय थोडेफार जन्मजात असावे असे मानणारे शास्त्रज्ञ आहेत, आणि ते खोटे असे मी म्हणत नाही. पण हेन्री बेट्स हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ ॲमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षे राहिला, त्याने १८६३ साली आपल्या ग्रंथात एक दृश्य नोंदवले आहे. एका आदिवासी घरातली मुले अशाच एका अवाढव्य कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून, कुत्र्याला फिरवावे तसे त्याला घरभर फिरवीत होती. कोळ्याच्या दृष्टीने हेही काही सुख नव्हे. पण भीतीचा तिथे मागमूस नव्हता. कंबोडियात स्कून नावाच्या गावी हेच प्राणी तळून, मीठ-मसाला लावून बाजारात विकतात. एकाला जो सैतान, तो दुसऱ्याला खेळणे आणि तिसऱ्याला तोंडी लावणे. प्राणी मात्र जिथे तिथे तोच.

सुंदर दिसली असती तर ती वाचली असती, असे मात्र समजू नका. या कुळात एक अपूर्व देखणी जात आहे, तीही आपल्याच देशातली. १८९९ साली पोकॉक या शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले, ते आंध्रातल्या गुत्ती इथे रेल्वेच्या लाकडांत सापडलेल्या एका नमुन्यावरून. मग शंभर वर्षे तिचा पत्ता नव्हता. २००१ साली नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात ती पुन्हा सापडली. रंग म्हणाल तर नीलमण्याचा. आणि गंमत अशी की तो रंगद्रव्याचा नसून केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश खेळल्याने दिसणारा आहे. ही बातमी जगभरच्या शौकिनांना लागली, आणि तिला पैसे मोजून काचेच्या पेटीत ठेवणारे देशोदेशी निघाले. जंगल तोडले जात होतेच. २००८ साली तिची गणना नामशेष होण्याच्या काठावर असलेल्या प्राण्यांत झाली, आणि २०१९ साली तिच्या सबंध वंशाचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रणाखाली आणावा लागला. कुरूप म्हणून चपलेखाली, सुरूप म्हणून पेटीत. दोन्ही वेळा आपण तिच्याकडे पाहिले ते तिला काय हवे आहे हे न विचारता.

आता एक अवघड शंका उरते, आणि ती माझ्या एका सहकाऱ्याने चहा पिता पिता उपस्थित केली. सृष्टीच जिथे इतकी निर्दय आहे तिथे माणसाने एकट्याने सोवळे का पाळावे? त्यांनी उदाहरणही याच कोळिणीचे दिले. तिचा हाडवैरी म्हणजे कुंभारणीच्या नात्यातली एक मोठी गांधीलमाशी. ती कोळिणीला शोधून काढते, नांगीने दंश करून लुळी पाडते, ओढत बिळात नेते, तिच्यावर एकच अंडे घालते आणि बीळ बुजवून निघून जाते. कोळीण मेलेली नसते. अळी बाहेर येते ती त्या जिवंत देहावर पोसते, आणि मर्माचे अवयव शेवटाला ठेवते, म्हणजे अन्न ताजे राहावे. याहून चमत्कारिक म्हणजे पेट्रुंकेविच या प्राणिशास्त्रज्ञाने १९५२ साली लिहून ठेवलेले निरीक्षण. दंश करण्यापूर्वी माशी कोळिणीच्या अंगाखाली शिरते, तिला चाचपून पाहते, आणि एरवी झुळुकेनेही खवळणारी कोळीण त्या वेळी पुष्कळदा मुकाट उभी राहते. असल्याच एका माशीच्या जातीवरून डार्विनने १८६० साली आपल्या अमेरिकन मित्राला लिहिले होते, की दयाळू आणि सर्वशक्तिमान परमेश्वराने मुद्दाम ही योजना केली असेल हे आपल्या मनाला पटत नाही.

आपल्या पूर्वजांनीही ही माशी पाहिली होती, हे मला फार उशिरा लक्षात आले. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत ऊर्णनाभी म्हणजे कोळी आहे, आणि त्याच्यालगतच, शेवटचा गुरू म्हणून, ही कुंभारीण आहे. नाथांनी हाच स्कंध मराठीत आणला. तिथे कोळी हा जग आपल्यातून उत्पन्न करून आपल्यातच मिटवून घेणाऱ्या ईश्वराचा दृष्टान्त होतो. मुंडकोपनिषदातही तो आहेच. आणि कुंभारणीचा दृष्टान्त असा, की तिने मातीच्या घरात कोंडलेला कीटक भीतीने तिचेच ध्यान करता करता शेवटी तिचे रूप होतो. आज आपल्याला ठाऊक आहे की कीटकाची माशी होत नाही. माशीचे पिल्लू कीटकाला खाऊन बाहेर येते. पण जुन्यांची नजर पाहा. डोळ्यांसमोर इतके भयंकर नाट्य चाललेले असताना त्यांनी माशीला खुनी म्हटले नाही की कोळ्याला पारधी म्हटले नाही. दोघांना गुरू म्हटले. शास्त्र चुकले असेल. त्यांनी निकाल मात्र दिला नव्हता.

माझ्या सहकाऱ्यांना मी एवढेच म्हटले, की माशी कोळिणीला मारते तेव्हा तिला पिल्लू जगवायचे असते. तिच्या मनात कोळिणीविषयी वाईट मत नसते. मारून झाल्यावर ती इतर माश्यांना जमवून आपला पराक्रम सांगत नाही. तेव्हा तिचा दाखला तिच्यापाशीच राहू द्यावा. आपल्या काठीला तो लागू नाही. शिवाय सृष्टीचा दाखला द्यायचाच तर तो पुरता तरी द्यावा. दक्षिण अमेरिकेत पेरूच्या जंगलात या कुळातल्या मोठ्या कोळिणींच्या बिळात एक नखाएवढे बेडूक राहते. कोळिणीने मनात आणले तर तो तिचा एक घास आहे. निरीक्षकांनी पाहिले आहे, की ती कधी त्याला पकडते, तोंडाशी नेऊन चाचपते, आणि पुन्हा खाली ठेवते. बेडूक मुंग्या खातो, त्यामुळे तिची अंडी मुंग्यांपासून वाचत असावीत. श्रीलंकेतही झाडाच्या ढोलीत, आमच्या आंब्यावरच्या जातीच्या बहिणीपाशी, असेच बेडूक राहताना आढळले आहेत. मी याला मैत्री म्हणणार नाही. कादंबरी लिहिणारीला तो मोह आवरावा लागतो. पण ती आंधळी बाई चाचपून, कोण आहे ते पाहून, मग ठरवते, एवढे तरी खरे.

पाहायला वेळ लागतो. बार्बरा यॉर्क मेन या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञ बाईंनी तो दिला. १९७४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात, गव्हाच्या शेतांच्या पट्ट्यात उरलेल्या एका राखीव झुडपी रानात, त्यांनी बिळांना झाकण करून राहणाऱ्या कोळ्यांची पाहणी सुरू केली. हे टॅरांटुलाचे चुलत घराणे. प्रत्येक बिळाशी त्यांनी नंबराची खुंटी ठोकली. सोळा नंबरच्या बिळात एक नुकतीच घर केलेली पोर होती. बिळाच्या तोंडाभोवती काटक्या किरणांसारख्या मांडायच्या, त्यांतल्या एखाद्या काटकीला किड्याचा पाय लागला की आत चाहूल घ्यायची, आणि झाकण उचलून झडप घालायची, असा तिचा दिनक्रम. बाई दर वर्षी जात, खाली बसत, झाकण अलगद उचलून ती आहे ना ते पाहत. भोवतालच्या कितीतरी खुंट्यांजवळची बिळे ओस पडली. बाईंचे वय झाले, त्यांची विद्यार्थिनी जाऊ लागली. सोळा नंबर होतीच. माझ्या जन्माच्या आधीपासून ती त्या बिळात होती, हे वाचताना मला उगीचच तिच्याविषयी वडीलधाऱ्या माणसासारखा आदर वाटला.

२०१६ च्या ऑक्टोबरअखेर विद्यार्थिनी तिथे गेली तेव्हा झाकणाला भोक पडलेले होते. कुंभारणीच्या जातीची एक माशी त्यातून आत उतरली असावी. बीळ मोडकळीला आले होते आणि कोळीण नव्हती. तेव्हा तिचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते. आजवर नोंदल्या गेलेल्या कोळ्यांत एवढे वय दुसऱ्या कोणाचे नव्हते. या त्रेचाळीस वर्षांत तिने आपले घर एकदाही बदलले नव्हते.